संगणकयुगातील मनुष्यबळ अधिकाऱ्याने काय शिकावे?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

‘मनुष्यबळ अधिकारी’ हा शब्द कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाच्या कानाला फारसा गोड लागत नाही. वाटाघाटीच्या वेळी टेबलापलीकडे फाईल उघडून बसणारा, मालकाचा चेहरा पाहून बोलणारा आणि निलंबनाच्या पत्रावर सही करणारा गृहस्थ, अशी त्याची प्रतिमा आहे. आणि ती अगदीच निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस त्या व्यवसायातील जाणतेही करणार नाहीत. असे असता या गृहस्थाच्या अंगी कोणती कौशल्ये असावीत याची उठाठेव कार्यकर्त्यांनी का करावी? ती मालकांनी करावी, व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थांनी करावी, असे कोणी म्हणेल. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या टेबलापलीकडच्या खुर्चीचेच स्वरूप पालटत चालले आहे. कामावर कोणाला घ्यावे, कोणाची हजेरी धरावी, कोणाचे काम कमी पडले, कोणाला काढावे, हे निर्णय त्या खुर्चीतील माणसाकडून सरकत सरकत संगणकाच्या प्रणालीकडे जात आहेत. अधिकारी खुर्चीत आहे, सहीही त्याचीच आहे; मात्र ‘असे का?’ या कामगाराच्या प्रश्नाला ‘सिस्टिमने तसे दाखवले’ यापलीकडे त्याच्यापाशी उत्तर नाही. ज्याच्याशी भांडायचे तोच निरुत्तर झाला तर भांडण कोणाशी करायचे? त्याच्या शिक्षणाचा प्रश्न चळवळीचाही प्रश्न होतो तो येथे.

व्यवस्थापनाच्या वर्तुळात या विषयावर जी भाषणे होतात त्यांत कौशल्यांची यादी ठरलेली असते: आकडेवारीचे विश्लेषण यावे, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरता यावीत, दूरस्थ मुलाखती घेता याव्यात, घरून काम करणाऱ्यांवर लक्ष ठेवता यावे. हे शिकू नये असे कोणी म्हणणार नाही. पगाराचा हिशेब हाताने करण्यात काही पुण्य नव्हते. हजेरीपटावर खोटी नावे चढवून त्यांचा पगार वाटून खाणारे मुकादम आणि कारकून कार्यकर्त्यांना ठाऊक आहेत. भविष्य निर्वाह निधीत मालकाने आपल्या नावे पैसे भरले की नाही, हे पूर्वी कामगाराला वर्षानुवर्षे कळत नसे. आज ते त्याच्या हातातील फोनवर दिसते, आणि पैसे न भरणाऱ्या कंत्राटदाराला पकडणे त्यामुळे कितीतरी सोपे झाले आहे. यंत्राचे हे उपकार नाकारणे हा कर्मठपणा होईल. प्रश्न आहे तो या यादीतून काय गळाले याचा; आणि तो समजण्यासाठी हा अधिकारी मुळात जन्माला कशासाठी आला, इकडे वळून पाहावे लागते.

मुंबईच्या गिरणीत कामगार भरतीचे काम जॉबरकडे, म्हणजे मुकादमाकडे असे. स्त्रियांच्या खात्यात हाच अधिकार नायकिणीकडे असे. साच्यावर कोणाला उभे करायचे, बदलीत कोणाला घ्यायचे, कोणाला फाटकावरून परत धाडायचे, हे त्याच्या मर्जीवर चाले. कामावर घेतल्याबद्दल दस्तुरी, पुन्हा घेतल्याबद्दल दस्तुरी, मधूनच सणावाराची भेट. शिवाय कर्ज देणाराही बहुधा तोच. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली नेमलेल्या आणि ना. म. जोशी ज्याचे एक सदस्य होते त्या राजकीय श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले, आणि भरतीचे काम जॉबरच्या हातून काढून स्वतंत्र श्रम अधिकाऱ्याकडे द्यावे अशी शिफारस केली. त्या अधिकाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत तेही आयोगाने सांगितले होते. प्रामाणिकपणा, माणूस ओळखण्याची हातोटी आणि कामगाराची भाषा येणे यांना त्यात मानाचे स्थान होते. पुढे १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देऊन जॉबरच्या मर्जीला आळा घालण्याचा प्रयत्न केला. १९३६ साली मुंबईत टाटांच्या देणगीतून जी समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली, तिनेच पुढे श्रमकल्याण अधिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. हा व्यवसाय समाजकार्याच्या कुशीत वाढला, हे आज त्या व्यवसायातील तरुणांना सांगितले तर ते चकित होतात.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला अवगत असली पाहिजे, अशी अट त्याच्या नेमणुकीच्या नियमांत आली. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ साली आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: या अधिकाऱ्याला मालकाच्या वतीने औद्योगिक तंटे लढवायला लावू नये. व्यवहारात हे किती पाळले गेले ते कार्यकर्त्यांना सांगायला नको. तरीही तत्त्व मान्य झाले होते की, मर्जीच्या जागी नोंद यावी, नोंदीला कारण असावे, आणि ते कारण कामगाराच्या भाषेत सांगणारा एक जबाबदार माणूस असावा.

आता प्रणालीने निर्णय घेण्याच्या पद्धतीकडे या तत्त्वाच्या उजेडात पाहिले म्हणजे एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. जॉबर गेला आणि त्याची मर्जी परत आली. ती आता दस्तुरी मागत नाही, हे खरे. पण जॉबरला चेहरा तरी होता; तो त्याच चाळीत, पुष्कळदा त्याच गावचा असे; त्याच्या दारात चार माणसे जाऊन उभी राहू शकत. नव्या मुकादमाचे दार कोठे आहे हेच कोणाला ठाऊक नाही.

प्रथम भरतीचे पाहू. मोठ्या कंपन्यांकडे येणारे हजारो अर्ज आज प्रथम प्रणाली चाळते, आणि तिने गाळलेले अर्ज मानवी डोळ्यांपुढे येतच नाहीत. ॲमेझॉन कंपनीने २०१४ पासून अशी एक प्रणाली बांधायला घेतली होती. मागील दहा वर्षांत आलेले अर्ज तिला अभ्यासासाठी दिले. ते बहुतांशी पुरुषांचे होते. साहजिकच चांगला उमेदवार म्हणजे पुरुष, असा धडा तिने घेतला. अर्जात ‘महिलांच्या अमुक मंडळाची प्रमुख’ असा उल्लेख दिसला, किंवा केवळ स्त्रियांसाठी असलेल्या दोन महाविद्यालयांची नावे आली, की ती गुण कमी करी. दोष लक्षात आल्यावर कंपनीने तो प्रयोग गुंडाळला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ही हकिगत जगापुढे आणली. यंत्राला कोणी स्त्रीद्वेष शिकवला नव्हता. त्याला फक्त भूतकाळ दाखवला होता.

आपल्याकडचा भूतकाळ कसा आहे? डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींना तोडीस तोड पात्रतेचे अर्ज पाठवून एक पाहणी केली. फरक होता तो मुख्यतः नावाचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश होते, आणि मुस्लिम नावाच्या अर्जदाराचे सुमारे एक-तृतीयांश. तेथे गाळणारी माणसे होती. अशाच माणसांनी केलेल्या निवडीवर उद्या प्रणाली शिकवली, तर ती काय शिकेल? तिला जात विचारण्याची गरजही नाही. आडनाव आहे, पत्त्यातील पिनकोड आहे, तालुक्याच्या महाविद्यालयाचे नाव आहे, बाळंतपणामुळे नोकरीत पडलेला दोन वर्षांचा खंड आहे. यांतून ती हवे ते ओळखते, आणि निकाल देताना मात्र गणिताचा निष्पाप चेहरा धारण करते.

न्यूयॉर्क शहराने २०२१ साली नियम केला, आणि २०२३ च्या जुलैपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली, की भरतीच्या अशा साधनाची दरवर्षी बाहेरच्या तपासनिसाकडून तपासणी करून स्त्री-पुरुष व वंश यांनुसार त्याचे निकाल प्रसिद्ध केले पाहिजेत. भारतातील खाजगी कंपनीत उमेदवाराची जात सहसा नोंदलीच जात नाही. तेव्हा अशी तपासणी करायची म्हटले तरी ती कशाच्या आधारे करणार? ‘आम्ही जात पाहत नाही’ हे वाक्य या बाबतीत कंपनीचे भूषण नसून तिची पळवाट ठरते. मनुष्यबळ अधिकाऱ्याचे पहिले कौशल्य येथे लागते. प्रणाली विकायला आलेल्या कंपनीला त्याने विचारले पाहिजे: ही कोणत्या अर्जांवर शिकली? कोणत्या गोष्टींना गुण देते? आणि दर महिन्याला, तिने गाळलेल्या ढिगातून पंचवीस-पन्नास अर्ज स्वतःच्या हाताने काढून त्याने वाचले पाहिजेत. यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. शंका घेण्याची सवय लागते, आणि ती सवय व्यवस्थापनाच्या शाळांत फारशी शिकवली जात नाही.

उमेदवाराच्या चेहऱ्यावरील भाव यंत्राने वाचून त्याची लायकी ठरवण्याचेही एक खूळ मध्यंतरी निघाले होते. हायरव्ह्यू या अमेरिकन कंपनीला २०२१ साली ते सोडून द्यावे लागले, आणि युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या कायद्याने कामाच्या ठिकाणी यंत्राद्वारे भावना ओळखण्यावर, वैद्यकीय वा सुरक्षेची कारणे वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली. त्यावर अधिक बोलण्याची जरुरी नाही.

हजेरीचा आणि कामाच्या मोजमापाचा प्रश्न अधिक मोठा आहे, कारण त्याची झळ पांढरपेशांपेक्षा कष्टकऱ्यांना आधी लागते. २०१० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर त्यांचा ठावठिकाणा दाखवणारी घड्याळे बांधली. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा फोनवर छायाचित्र काढून हजेरी नोंदवणे सर्वत्र सक्तीचे करण्यात आले. जेथे फोनला रेंज नाही त्या डोंगरातील मजुराने दिवसभर माती उपसली तरी त्याची हजेरी अधांतरी राहू लागली. अंगठ्याच्या ठशाची यंत्रे तर सर्वत्र आहेत, आणि वीट, सिमेंट, चुना, धुणीभांडी यांत ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या त्यांना ती यंत्रे ओळखत नाहीत. श्रमाची खूणच हजेरीच्या आड यावी, यापरती विटंबना कोणती?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल फोन ठिकठिकाणी परत केले. फोन निकृष्ट होते, आणि ज्यात रोजची नोंद भरायची ते पोषण ट्रॅकरचे ॲप इंग्रजीत होते. मराठी शाळेत शिकून वीस-वीस वर्षे गावातील मुलांची वजने मराठीत लिहून ठेवणाऱ्या बायांना एका सकाळी ‘तुम्हांला नोंदी ठेवता येत नाहीत’ असे ठरवण्यात आले. कामगाराची भाषा अधिकाऱ्याला यावी, हे व्हिटली आयोगाला १९३१ साली कळले होते. प्रणालीलाही ती आली पाहिजे, आणि येत नसेल तर प्रणाली नापास, कामगार नव्हे, असे ठामपणे लिहून देणारा एखादा अधिकारी त्या खात्यात वेळीच उभा राहिला असता, तर सेविकांना रस्त्यावर उतरावे लागले नसते.

यंत्र मोजता येईल तेच मोजते. फ्रान्समधील ॲमेझॉनच्या गोदामांत कामगाराच्या हातातील स्कॅनर त्याच्या प्रत्येक क्षणाची नोंद ठेवी. दहा मिनिटांहून अधिक वेळ स्कॅनर थांबला की ‘निष्क्रिय वेळ’ म्हणून नोंद. आणि उलट एका वस्तूनंतर सव्वा सेकंदाच्या आत दुसरी वस्तू स्कॅन केली तर घाई केली म्हणून नोंद. हळू गेलात तरी दोष, भरभर गेलात तरी दोष. तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२३ मध्ये ही पाळत अतिरेकी ठरवून ३ कोटी २० लाख युरोंचा दंड ठोठावला. सफाई कामगार झाडाखाली पाणी प्यायला थांबला, अथवा गटारात अडकलेली घाण काढायला अर्धा तास एकाच ठिकाणी उभा राहिला, तर मनगटावरच्या घड्याळाला दोन्ही सारखेच. या दोहोंतील फरक सांगायला ते काम पाहिलेला माणूस लागतो. म्हणून खात्यात, गोदामात, रस्त्यावर जाऊन काम कसे चालते ते डोळ्यांनी पाहणे हे जुने कौशल्य संगणकयुगात कालबाह्य होण्याऐवजी दुप्पट आवश्यक झाले आहे. पडद्यावर रंगीत आलेख पाहून कामगाराला जाब विचारणाऱ्या अधिकाऱ्याने निदान एक पाळी त्याच्याबरोबर उभे राहून काढावी.

यानंतरचे कौशल्य अगदी कारकुनी वाटेल, पण कामगाराच्या दृष्टीने तेच कदाचित सर्वांत मोलाचे आहे. ते म्हणजे नोंद दुरुस्त करण्याचे. आपल्याकडे नावाची रीत अशी की कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी शेवटी. मध्ये वडिलांचे नाव, लग्नानंतर नवऱ्याचे. कित्येकदा सासरी पहिले नावही बदललेले. जन्मतारखेची कथा सर्वांना माहीत आहे. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिली, कारण शाळा जूनमध्ये उघडत. आधार कार्डावर काही ठिकाणी केवळ जन्मवर्ष आले, काही ठिकाणी १ जानेवारी आली. इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ तर विचारू नये. वहीच्या युगात या विसंगती निभावून जात, कारण वही पाहणारा कारकून समोरच्या बाईला ओळखत असे. प्रणाली ओळखत नाही. तिच्या लेखी एका अक्षराच्या फरकाची बाई निराळी बाई असते.

भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला आधारची जोडणी असल्याखेरीज मालकाला त्या कामगाराचा मासिक भरणा दाखल करता येऊ नये, अशी सक्ती सप्टेंबर २०२१ पासून झाली. हेतू चांगला असेल. पण नाव जुळले नाही म्हणून मुलीच्या लग्नाला, नवऱ्याच्या ऑपरेशनला स्वतःच्याच घामाचे पैसे न मिळालेली बाई प्रत्येक औद्योगिक वसाहतीत सापडते. दुरुस्तीसाठी मालक आणि कामगार यांच्या संयुक्त घोषणापत्राची सोय आहे. ते कसे भरायचे, कोणते दाखले जोडायचे, नाकारले गेले तर पुन्हा कोठे धाडायचे, कारखाना बंद पडला असेल तर मालकाच्या सहीऐवजी काय चालते, हे ज्याला बिनचूक येते आणि जो ते कंत्राटी कामगारासाठीही करतो, तो मनुष्यबळ अधिकारी कामगाराला जे देतो त्याची सर कोणत्याही परिसंवादातील भाषणाला येणार नाही. संघटनेच्या प्रत्येक कचेरीत हे जाणणारा किमान एक कार्यकर्ता असला पाहिजे. आज कित्येक ठिकाणी हे काम कारखान्याबाहेरच्या इंटरनेट दुकानातील पोरे पैसे घेऊन करतात. दस्तुरी संपली असे म्हणताना याचा विसर पडू नये.

माहिती गोळा करण्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. संसदेने २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम केला. सामान्यतः एखाद्याची माहिती वापरण्यास त्याची संमती हवी, असे तो म्हणतो. परंतु नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाला हानीपासून वाचवण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभाही सातव्या कलमात ठेवतो. कामगाराला त्याच्याच मालकापासून जेथे संरक्षण हवे, नेमकी तेथेच ही फट ठेवली आहे. अशा वेळी न मागण्याचे कौशल्य अधिकाऱ्याच्या अंगी हवे. हजेरीसाठी हजेरीपुरते मागावे; फोनमधील फोटो, संपर्क, घरी गेल्यानंतरचा ठावठिकाणा यांच्याशी कारखान्याचा संबंध काय?

आता ज्यांच्यापुढे मनुष्यबळ अधिकारी उरलेलाच नाही त्यांच्याकडे वळू. घरपोच जेवण आणि सामान पोचवणारी, मोटारी चालवणारी तरुण मुले पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिसतात. त्यांची भरती फोनवर, कामाचे वाटप फोनवर, दर फोनवर, आणि बडतर्फीही फोनवर. एका सकाळी ॲप उघडत नाही. ‘आयडी ब्लॉक’ झालेला असतो. का, ते सांगणारा माणूस नसतो. मदतीसाठी संदेश पाठवला तर उत्तरही यंत्रच देते. या मुलांना ‘भागीदार’ म्हणण्याची पद्धत आहे. गिरणीच्या जॉबरने बदलीवाल्याला कधी भागीदार म्हटले नव्हते, एवढा प्रामाणिकपणा त्याच्यापाशी होता.

ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयापुढे असेच काही उबर चालक गेले. फसवणुकीच्या संशयावरून त्यांची खाती बंद झाली होती. निर्णयात आमच्या माणसांचाही हात होता, असे कंपनीचे म्हणणे होते. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने तो सहभाग नाममात्र ठरवला, आणि केवळ यंत्राने घेतलेल्या अशा निर्णयाविरुद्ध युरोपीय कायद्याने दिलेले संरक्षण चालकांना लागू केले. या निकालातील मुद्दा मनुष्यबळ व्यवसायाने नीट समजून घ्यावा. यंत्राच्या निर्णयाखाली सही ठोकणारा माणूस बसवला म्हणजे निर्णय माणसाचा होत नाही. तो बदलण्याची माहिती, वेळ आणि अधिकार त्या माणसाला असावा लागतो. स्पेनने २०२१ साली कायदा करून, कामाच्या अटींवर परिणाम करणाऱ्या गणनविधीचे निकष कामगारांच्या प्रतिनिधींना सांगणे बंधनकारक केले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने, ॲपवरील कामगाराला काढण्याचा निर्णय माणसानेच घ्यावा, असे ठरवले.

भारतात राजस्थानने २०२३ साली या कामगारांसाठी पहिला कायदा केला. कर्नाटकाने २०२५ साली केलेल्या कायद्यात स्वयंचलित प्रणाली कामगाराविषयी निर्णय कसे घेते याची माहिती त्याला मिळाली पाहिजे, असे कलम आले. महाराष्ट्राला यात नवे काही शिकण्याची वास्तविक गरज नव्हती. अनेक मालकांचे सुटे काम करणाऱ्या, ज्याचा ठराविक मालकच दाखवता येत नाही अशा कामगाराची नोंद, मजुरी आणि निधी कोणी सांभाळायचा, या कोड्याचे उत्तर या राज्याने १९६९ च्या माथाडी कायद्याने दिले आहे: मालक, कामगार आणि शासन यांचे मंडळ, मंडळाकडे नोंदवही, आणि मजुरीवर लेव्ही. फोनवरून काम घेणारा मुलगा आणि बाजार समितीतील हमाल यांच्या स्थितीत फरक पाठीवरच्या ओझ्याचा आहे. नोंदवही कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न दोघांचा एकच आहे.

येथे एक शंका रास्त आहे. ही सारी कौशल्ये अंगी बाणवलेला अधिकारी प्रणालीला ‘नाही’ म्हणाला तर त्याची नोकरी टिकेल काय? तो स्वतः पगारी नोकर आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत बहुधा ‘कामगार’ बसत नसल्याने कामगाराला मिळणारे संरक्षणही त्याला नाही. त्याला बळ यायचे तर ते कायद्याने नेमून दिलेल्या कर्तव्यातून येईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कल्याण अधिकाऱ्यासाठीची मर्यादा पाचशेवरून अडीचशे कामगारांवर आणली, हे चांगलेच झाले. पण ती कारखाना, खाण, मळा यांसारख्या ठिकाणांपुरती आहे. हजारो लोक पडद्यापुढे बसतात त्या संगणक कंपन्यांची कार्यालये आणि रस्त्यावरची ॲपची मुले तिच्याबाहेरच राहिली. प्रणालीचा निर्णय तपासणे आणि रद्द करणे हे त्याचे कर्तव्य म्हणून कोठेही लिहिलेले नाही. ते लिहून घेण्याची मागणी संघटनांनी केली तर अधिकाऱ्यांतील भली माणसे उघड नाही तरी मनातून तिच्या बाजूने असतील.

तोवर हाताशी काय आहे? बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ साली यांत्रिकीकरणाबाबत करार केला, तेव्हा यंत्रे किती, कोठे आणि कोणत्या कामासाठी, यावर मालकांना टेबलाशी बसावे लागले होते. त्या वेळी प्रश्न नोकऱ्यांच्या संख्येचा होता. आज त्याच्या जोडीला निर्णयाच्या अधिकाराचा आहे. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या ९-अ कलमाने सेवाशर्तींतील बदलापूर्वी एकवीस दिवसांची नोटीस बंधनकारक केली होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या चाळिसाव्या कलमात ती तरतूद कायम आहे, आणि शिस्तीचे नवे नियम आणणे, कामाच्या व विश्रांतीच्या वेळा बदलणे, या बाबी तिच्या अनुसूचीत आहेत. हजेरीचे नवे ॲप, मनगटावरचे घड्याळ, कामाचे गुण देणारी प्रणाली कारखान्यात येते तेव्हा ती ‘तांत्रिक सुधारणा’ म्हणून येते, आणि संघटना गप्प बसते. ती शिस्तीचा नवा नियम आहे, असे लेखी कळवून नोटीस मागितली पाहिजे. नोटिशीच्या त्या एकवीस दिवसांत मनुष्यबळ अधिकाऱ्याला विचारायचे प्रश्न मराठीत लिहून काढावेत: हे यंत्र काय काय मोजते? नोंदी किती दिवस ठेवते? त्या कामगाराला पाहता येतील काय? नोंद चुकली तर किती दिवसांत दुरुस्त होईल? यंत्राचा निर्णय फिरवण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि त्या माणसाचे नाव, हुद्दा व बसण्याची जागा कोणती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फाटकाजवळच्या फलकावर लावून घ्यावे.